आभा, ओटीपी आणि वीस रुपये

आमचं रुग्णालय वीस खाटांचं, तालुक्याच्या गावातलं. सर फिजिशियन, मॅडम स्त्रीरोगतज्ज्ञ. बाकीचं सगळं, म्हणजे बिलं, पगार, मेडिक्लेमचा पत्रव्यवहार, बायोमेडिकल वेस्टची रजिस्टरं, माझ्याकडे. त्यामुळे डॉक्टरांच्या सभेहून परतलेल्या सरांनी "आपणही आयुष्मान भारत डिजिटल मिशनला जोडून घेऊ, सरकार पैसेही देतंय" असं जाहीर केलं, तेव्हा ते काम कुणाच्या गळ्यात पडणार हे उघडच होतं. आता ते बरंचसं मार्गी लागलंय. आमच्यासारखी बरीच छोटी रुग्णालयं अजून जावं की न जावं या विचारात आहेत, म्हणून काय काय लागलं ते लिहिते. पैशाचं जरा सविस्तर लिहीन, कारण सभांमध्ये त्याबद्दल फार मोघम बोललं जातं.

पेशंटच्या नोंदी डिजिटल करून त्याच्या संमतीनं एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाव्यात, यासाठीचं हे सरकारी मिशन. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून त्याची घोषणा झाली, तेव्हा त्याचं नाव नॅशनल डिजिटल हेल्थ मिशन होतं. सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाले आणि २७ सप्टेंबर २०२१ ला आताच्या नावानं ते देशभर सुरू झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पाच वर्षांसाठी १,६०० कोटी रुपये मंजूर केले. आकडा ऐकायला दणदणीत आहे, पण १४० कोटी लोकांत वाटला तर माणशी वर्षाला सव्वादोन रुपयांच्या आसपास येतो. अमेरिकेनं २००९ चा कायदा करून डॉक्टरांना इलेक्ट्रॉनिक नोंदींकडे वळवलं, तेव्हा मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्य विम्यातून एका डॉक्टरला काही वर्षांत मिळून ४४,००० डॉलरपर्यंत देण्याची तरतूद होती. (तिथले डॉक्टर पुढे स्क्रीनसमोर टाइप करून करून कातावले, तो भाग वेगळा.) आपल्याकडे केंद्रानं रस्ता बांधलाय, गाडी आणि पेट्रोल ज्याचं त्यानं बघायचं.

हे बोलते आहे ते तक्रार म्हणून नाही. रचनाच तशी आहे. सगळ्यांच्या फायली दिल्लीतल्या एका मोठ्या कॉम्प्युटरात जाऊन पडतात असा पेशंटचाच काय, कित्येक डॉक्टरांचाही समज आहे. प्रत्यक्षात नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते, म्हणजे आमची नोंद आमच्याच सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर. पेशंटच्या आभा क्रमांकाला, म्हणजे या मिशनमधल्या त्याच्या आरोग्य खात्याच्या क्रमांकाला, फक्त एवढं कळवलं जातं की अमुक रुग्णालयात तमुक तारखेची एक नोंद आहे. दुसऱ्या डॉक्टरला ती बघायची असेल तर पेशंटनं मोबाइलवर संमती द्यायची, मग ती आमच्याकडून त्यांच्याकडे जाते. गोपनीयतेच्या दृष्टीनं ही व्यवस्था मला पटते. पण याचाच दुसरा अर्थ असा की साठवणूक, बॅकअप, इंटरनेट, टायपिंग हा सगळा खर्च रुग्णालयाच्या माथी. सभेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली पायरी डॉक्टरांच्या नोंदणीची. हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्री, बोलताना सगळे एचपीआर म्हणतात. आधार, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, पदवीची प्रमाणपत्रं. सरांचं अर्ध्या तासात आटोपलं. मॅडमचं अडकलं, कारण एमबीबीएस आणि कौन्सिलची नोंद माहेरच्या नावानं आणि आधार सासरच्या. नावबदलाचा पुरावा जोडायची सोय अर्जातच आहे, पण तो पुरावा म्हणजे राजपत्राची प्रत, आणि ती मॅडमच्या आईकडच्या ट्रंकेत निघाली. स्त्री डॉक्टर असलेल्या प्रत्येक रुग्णालयानं हा कागद आधी शोधून ठेवावा.

मग रुग्णालयाची नोंदणी, हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत. पाटी दिसेल असा इमारतीचा फोटो, नकाशावरचं ठिकाण, मालकी कुणाची, कुठली पॅथी, कोणत्या सेवा, आणि खाटा किती. यातली खाटांची रकान्यातली संख्या मी दोनदा विचार करून भरली. नर्सिंग होमच्या सर्टिफिकेटवर वीस आहेत, तेव्हा वीसच लिहिणार हे खरं. पण गंमत बघा. मेडिक्लेमसाठी 'रुग्णालय' ठरायला विमा नियामकाच्या व्याख्येत दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा लागतात, मोठ्या शहरात १५. म्हणून इतकी वर्षं सगळे खाटा जास्त दाखवायच्या मागे. आणि नोंदी जोडल्याबद्दल सरकार जे पैसे देतं, त्या डिजिटल प्रोत्साहनाचं गणित खाटांवरच मांडलेलं, पण उलट्या बाजूनं: खाटा जितक्या जास्त तितकं पैसे मिळायला सुरुवात होण्याआधीचं काम जास्त. त्याकडे पुढे येते.

सॉफ्टवेअरनं मात्र घाम काढला. आमच्याकडे होतं ते बिलिंगपुरतं. त्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणायचा, "मॅडम, आपलं एबीडीएम रेडी आहे." एबीडीएम म्हणजे हेच डिजिटल मिशन. मीही मान डोलावून गप्प बसले असते, पण शेजारच्या तालुक्यातल्या एका लॅबवाल्यानं मला एक प्रश्न शिकवून ठेवला होता: एम-वन, एम-टू, एम-थ्रीपैकी काय काय झालंय? एम-वन म्हणजे पेशंटचा आभा क्रमांक काढणं आणि पडताळणं. एम-टू म्हणजे आपल्या नोंदी त्या क्रमांकाला जोडणं आणि मागितल्या तर देणं. एम-थ्री म्हणजे संमती घेऊन दुसरीकडच्या नोंदी आपल्याकडे मागवणं. विचारल्यावर कळलं की त्यांचं फक्त एम-वन झालेलं, बाकी "प्रोसेसमध्ये". म्हणजे पेशंटचे नंबर गोळा करायचे आणि त्यांना जोडायचं काहीच नाही. आम्ही दुसरं सॉफ्टवेअर घेतलं, तिन्ही टप्पे आणि सुरक्षा तपासणी पार पडलेलं.

करार करताना मी एक अट घालून घेतली: उद्या आम्ही सॉफ्टवेअर बदललं किंवा तुम्ही कंपनी गुंडाळली, तर सगळ्या नोंदी आम्हाला उघडता येतील अशा स्वरूपात परत द्यायच्या, त्याचे वेगळे पैसे नाहीत. विक्रेता चार दिवस आढेवेढे घेत होता. पण नोंद जर आमच्याकडेच राहणार असेल, तर तो सर्व्हर बंद पडला की पेशंटच्या मोबाइलवर नुसती तारखांची यादी उरेल, आत काही नाही. राष्ट्रीय व्यवस्थेचा पाया असा कुणातरी छोट्या विक्रेत्याच्या वार्षिक करारावर उभा आहे, आणि त्याच्यासाठी कुणाच्याच बजेटमध्ये रक्कम नाही. मला ही सगळ्यात कच्ची बाजू वाटते.

काउंटरवर क्यूआर कोड चिकटवला. पेशंटनं तो मोबाइलनं स्कॅन केला की नाव, वय, पत्ता थेट आमच्या स्क्रीनवर येतं आणि त्याला टोकन मिळतं. दिल्लीत ऑक्टोबर २०२२ मध्ये ही पद्धत सुरू झाली आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत तिनं रांगा कमी केल्या, हे खरंच आहे. आमच्याकडे चाळिशीच्या आतले पेशंट झटकन करतात. पण फिजिशियनच्या ओपीडीत चाळिशीच्या आतले असतात किती?

एक नमुना सांगते. सोमवार, बाजाराचा दिवस, काउंटरसमोर बारा-पंधरा माणसं. धोतर-टोपीतले एक आजोबा, बीपीचे जुने पेशंट. मुलीनं विचारलं, "आजोबा, आधार आहे का?" त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. नंबर टाकला. "आता मोबाइलवर ओटीपी आला असेल, सांगा." आजोबांनी बटणांचा फोन पुढे केला. काही नाही. आधारला नंबर नातवाचा. नातू पुण्याला कंपनीत, शिफ्ट सुरू असताना फोन लॉकरमध्ये. मागच्या बाईंच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर. मुलीनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि तिनं नेहमीसारखा केसपेपर काढून दिला. "आजोबा, पुढच्या वेळी नातवाला घेऊन या." "तो दिवाळीला येतोय," आजोबा म्हणाले.

ओटीपीशिवाय बोटाच्या ठशानं किंवा चेहऱ्यावरूनही आभा काढता येतं, पण त्याला यंत्र किंवा वेळ लागतो, आणि बाजाराच्या दिवशी आमच्याकडे दोन्ही नसतं. शेवटी आम्ही हे काम काउंटरवरून उचललं. डॉक्टरांची वाट बघत पेशंट बाकावर बसतात, तिथे एक मुलगी टॅब घेऊन फिरते. बसलेल्या माणसाला घाई नसते. सोबत आलेली सून किंवा मुलगा असतो, त्याचा फोन असतो. बऱ्याच जणांचा क्रमांक आधीच निघालेला सापडतो, कारण कोविडच्या लसीच्या वेळी आधार दिलेलं होतं; त्यांना स्वतःला मात्र पत्ता नसतो. २०२५ च्या सुरुवातीला देशात ७३ कोटींवर आभा क्रमांक झाले होते, त्यातले किती जण आपला क्रमांक सांगू शकतील, देव जाणे.

क्रमांक झाला, आता जोडायचं काय? सरांचा केसपेपर हातानं लिहिलेला. नियमाप्रमाणे त्याचा फोटो काढून पीडीएफ जोडली तरी ती नोंद धरली जाते. तो फोटो दुसऱ्या डॉक्टरला उघडता येईल, वाचता येईल याची खात्री आमच्या फार्मसीवाल्यालाही देता येणार नाही. मी त्या वाटेला जायचंच नाही असं ठरवलं. डिस्चार्ज कार्ड आमच्याकडे पूर्वीपासून टाइप होतं आणि लॅबचे रिपोर्ट मशीनमधूनच निघतात, तेव्हा सुरुवात त्या दोन्हींपासून. पेशंटला दुसरीकडे जाताना नेमके हेच दोन कागद लागतात. भरती असलेल्या पेशंटनं नोंदींची प्रत मागितली तर ७२ तासांत द्यायची, हा मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम २००२ पासून आहे. पण मागायची कुणाच्या डोक्यात येत नाही आणि झेरॉक्सला कुणी रिकामं नसतं. आता डिस्चार्जच्या वेळी मामा व्हीलचेअर आणेपर्यंत कार्ड पेशंटच्या मोबाइलवर दिसतं.

मॅडमच्या ओपीडीचं मात्र वेगळं प्रकरण. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांच्या आधारला, आभाला नवऱ्याचा नंबर आहे. म्हणजे नोंद जोडल्याचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर जाणार, ॲपही त्याच्याच हातात. संमती कायद्यानं पेशंटची, पण अंगठा फिरणार दुसऱ्याचा. पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं तपासणीच्या खोलीत मॅडमना हळूच विचारलं, "हे सासूबाईंना दिसंल का?" मॅडमनी बाहेर येऊन मला बोलावलं आणि नियमच करून टाकला: गर्भपात, वंध्यत्वाची तपासणी, एचआयव्ही, मानसिक आजाराचं औषध, यातलं काहीही पेशंटनं एकटीला विचारून स्पष्ट 'हो' म्हटल्याशिवाय जोडायचं नाही. गर्भपाताच्या आणि २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्यांत गुप्तता पाळायची सक्ती आहेच. सॉफ्टवेअरमध्ये नोंद आपोआप जोडली जाण्याची सोय चालू होती, ती त्या विभागापुरती बंद करून घेतली. विक्रेत्याला हे समजावताना मला जरा जोर लावावा लागला. त्याचं म्हणणं, "मॅडम, तुमचा काउंट कमी होईल."

काउंट! इथे पैशाचा मुद्दा येतो. डिजिटल हेल्थ इन्सेंटिव्ह स्कीम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली, पुढे तिची मुदत वाढवत नेली. एका संस्थेला जास्तीत जास्त चार कोटी रुपये मिळू शकतात, आणि सभेत सरांच्या कानावर पडला तो हाच आकडा. आता आमचा हिशेब. दहा किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयानं दर खाटेमागे महिन्याला ५० नोंदी जोडायच्या, तेवढ्या फुकट. त्यावरच्या प्रत्येक नोंदीला २० रुपये. लॅबला महिन्याला ५०० नोंदींच्या वर, प्रत्येकी १५ रुपये. आमच्या वीस खाटा, म्हणजे महिन्याच्या पहिल्या १,००० नोंदींचे शून्य. बाराशे जोडल्या तर हाती चार हजार. टॅब घेऊन फिरणाऱ्या मुलीचा पगार महिना पंधरा हजार धरला, तर तो निघायला ७५० जादा नोंदी लागतात, म्हणजे एकूण १,७५०. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दिवसाला सत्तर. तालुक्याच्या गावी, ज्यांचा ओटीपी दिवाळीला येणार आहे अशा पेशंटांच्या जोरावर.

मोठ्या रुग्णालयांना हे जमतं, कारण त्यांची लॅब आतच असते आणि एका भरतीमागे दहा रिपोर्ट निघतात. छोट्यांना नाही. केंद्राच्याही हे लक्षात आलं असावं, कारण मुंबई, अहमदाबाद आणि सुरतमध्ये आधी प्रयोग करून नंतर १०० मायक्रोसाइटचा प्रकल्प आणला: एका भागातले लहान दवाखाने, लॅब, फार्मसी एकत्र जोडायचे आणि त्यांना हाताशी धरून शिकवायला संस्था नेमायची. मला वाटतं पैसा असाच खर्च व्हावा. मोजून दिलेल्या वीस रुपयांपेक्षा वर्षभर येऊन बसणारा एक जाणकार माणूस आम्हाला जास्त उपयोगी पडला असता. आणि बक्षीस नोंदींच्या संख्येवर असलं की लोक संख्या वाढवतात. अर्धी रिकामी ओपीडीची चिठ्ठीही वीस रुपयांची आणि दोन पानी डिस्चार्ज कार्डही वीस रुपयांचंच.

मेडिक्लेमच्या बाजूनं काही घडलं तर गोष्ट वेगळी होईल. नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंज, म्हणजे विम्याचे दावे एकाच ठिकाणाहून पाठवायची सरकारी व्यवस्था, तिच्यामार्फत दावा पाठवला तर ५०० रुपये किंवा दाव्याच्या १० टक्के, यातली जी रक्कम कमी असेल ती, असं प्रोत्साहन ठेवलेलं आहे. त्याहून महत्त्वाचं, सध्या एकेका कॅशलेस मंजुरीसाठी मी पाच वेगवेगळ्या पोर्टलवर तेच कागद पुन्हा पुन्हा चढवते. ते एका खिडकीवर आलं तर सॉफ्टवेअरचा खर्च माझ्या वेळातूनच भरून निघेल.

आता उपयोगाचं. रात्री साडेदहाला साठीच्या पुढचे एक गृहस्थ छातीत दुखतंय म्हणून आले. वर्षापूर्वी शहरात अँजिओप्लास्टी झालेली, फाइल घरी, घर वीस किलोमीटरवर. सुनेच्या फोनमध्ये त्यांचं आभा होतं. सरांनी विनंती पाठवली. सुनेच्या स्क्रीनवर आलं: कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखेपासूनच्या, आणि परवानगी केव्हापर्यंत. तिनं शेवटची तारीख बदलून दुसऱ्या दिवसाची केली आणि मग मंजूर केलं. (सर नंतर म्हणाले, "हुशार आहे पोरगी.") पाचेक मिनिटांत शहरातल्या रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड आलं. कोणत्या रक्तवाहिनीत स्टेंट, रक्त पातळ करायच्या गोळ्या कोणत्या, आणि खाली एक ओळ: क्रिएटिनिन वाढलेलं (म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करत नसल्याची खूण), वेदनाशामक टाळावीत. सिस्टर इंजेक्शन भरायच्या तयारीत होत्या, सरांनी ते बदललं. मधल्या काळात दोन वेळा केलेले इको मात्र मिळाले नाहीत. ते ज्या सेंटरवर झाले ते अजून जोडलेलं नव्हतं.

त्या रात्रीनंतर सर स्वतः ओपीडीत निदान आणि औषधं टाइप करायला लागले, किमान जुन्या हृदयाच्या आणि मधुमेहाच्या पेशंटांची. एका बोटानं करतात, ओपीडी तासभर लांबते, बाहेर कुरकुर होते. लॅबचे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्डं, ज्यांचं आभा आहे त्यांची सगळी जोडली जातात. मॅडमच्या ओपीडीतलं जेमतेम काही. एक हजाराचा टप्पा एखाद्या महिन्यात ओलांडतो, एखाद्या महिन्यात नाही.

मार्चअखेरीला पुढच्या वर्षाचा खर्चाचा अंदाज सीएंकडे पाठवायचा असतो. टॅबवाल्या मुलीचा पगार, सॉफ्टवेअरची वार्षिक फी आणि बॅकअपचं भाडं या तीन ओळी मी कायमच्या खर्चात धरल्या. सीएंनी फोन करून विचारलं, सरकारी प्रोत्साहनाची जमा किती धरू? शून्य धरा म्हटलं. आलीच तर दिवाळीच्या बोनसमध्ये घालू.